गया ते पुणे

बुद्धाकडे काही मागायचं नसतं, हे आई आम्हाला लहानपणापासून सांगत आली. तरी त्या सकाळी गयेच्या विमानतळावर बसून मी मागतच होते. कुणाकडे, ते मला ठाऊक नव्हतं.

आदल्या दिवशी बोधगयेत विहारासमोर बसले असताना धाकट्या भावाचा फोन आला होता. "ताई, आई गोठ्यात पडली. निरवांगीहून बारामतीला आणलंय. डोक्यात रक्त साकळलंय, उद्या ऑपरेशन हाय." सोबतची मंडळी रेल्वेने परतणार होती. मी एकटीने दिल्लीमार्गे पुण्याचं तिकीट काढलं. पण सकाळी धुकं उतरलं आणि विमान जागचं हलेना. मी मोबाइलवर पुन्हा पुन्हा गया आणि पुणे या दोन विमानतळांमधलं अंतर बघत होते. तेराशे किलोमीटरच्या आसपास, हवेतले थोडेसेच तास. आकडे तेच राहत होते, मीही तिथेच होते.

शेजारी एक वयस्कर बाई बसल्या होत्या. नवऱ्याचं पिंडदान करून परत निघालेल्या. त्यांनी विचारलं, "सारखं काय बघताय त्यात?"

मी सांगितलं, तेव्हा कळलं की त्या बारामतीजवळच्या पणदऱ्याच्या. निरवांगीचं नाव ऐकून त्या माझ्याकडे वळून बसल्या.

"ऑपरेशनला कवा नेणार?"

"आता थोड्या वेळात."

"मग फोन लावा की. इमान न्हाय निघालं तर न्हाय. आईशी बोला तर खरं."

भावाने फोन आईच्या कानाशी धरला. ती शुद्धीत नव्हती. मी तिनेच शिकवलेलं, बुद्धवंदनेतलं त्रिसरण म्हणू लागले. आजूबाजूला माणसं होती, घोषणा चालू होत्या. बाईंना ते शब्द माहीत नव्हते, पण त्यांनी डोक्यावर पदर घेऊन हात जोडले. पलीकडून भाऊ म्हणाला, "नेलं आत." मग मी मोबाइल पर्समध्ये ठेवला. त्यानंतर अंतर पाहिलं नाही.

दुपारी विमान उडालं. दिल्लीत आम्हा दोघींचंही पुण्याचं जोडविमान चुकलं, पुढचं मिळालं. पुण्यात बाईंचा पुतण्या गाडी घेऊन आला होता. वाटेत पणदरे आधी लागतं, पण त्या उतरल्या नाहीत. "आधी तुमची आई," एवढंच म्हणाल्या आणि दवाखान्याच्या दारापर्यंत आल्या.

दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं. आई डोळे उघडून होती. म्हटलं, "रात्री आले गं."

"न्हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "आधीच आलीवतीस. त्रिसरण म्हणत हुतीस की."

डॉक्टरांना मी काही विचारलं नाही. तिला ऐकू आलं असेल किंवा नसेल. धुकं उठवणं माझ्या हातात नव्हतं, ऑपरेशनही नव्हतं. जे हातात नव्हतं ते सोडून दिलं, तेव्हा मी तिच्याजवळ पोचले, असं मला वाटतं. ते सोडायला ज्यांनी शिकवलं, त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

आठवड्याने त्या आईला बघायला आल्या. दोघी म्हशींबद्दल बोलत बसल्या. आई हसली. टाके ताणतील, हसू नको, असं मी म्हटलं, तर दोघी मिळून मलाच हसल्या.