भांगातलं तिकीट

शेवटचं आम्ही नवराबायकोने मिळून काय केलं, तर सुखना तलावाच्या काठी बसून शेंगा खाल्ल्या. रविवार होता. मुलाने गाडीने सोडलं आणि तो सेक्टर चौतीसला कसल्याशा कामाला गेला. ऊन बरं होतं. माणसं पळत होती, काही जण पायाने चालवायच्या होड्यांत बसून गोल गोल फिरत होते. ती शेंगा फोडून दाणे माझ्या हातावर ठेवत होती, कारण माझ्या बोटांत आता जोर नाही. चिरेखाणीत चाळीस वर्षं दगड काढले की बोटांचं असंच होतं.

"ह्येका ना भरती, ना सुकती," ती तलावाकडे बघून म्हणाली. "टाकीत भरून ठेवल्यासारख्या पाणी. वाससुद्धा नाय."

"शेंगा खा."

"खातंय मां. आधी तुमका भरवतंय."

टरफलं तिने पिशवीत गोळा केली. मुलगा आला, आम्ही एरोसिटीतल्या त्याच्या घरी परत आलो. जेवून ती आडवी पडली ती चहाला उठलीच नाही. डॉक्टर येऊन बघून गेले. काळोख पडायच्या आत सगळं उरकलंसुद्धा होतं. इथे लोक मदतीला पटकन येतात, ते खरं.

रडलो नाही. लोकांना वाटलं धक्का बसलाय. धक्का नव्हता. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, ती तिकिटाची. ती सांगायची तर आधी आमचा समुद्र सांगायला हवा.

आमचं गाव कोकणात, समुद्राला लागून. पण लोक फोटोत बघतात तशी तिथे वाळू नाही. वर तांबड्या जांभ्याचा कडा आणि खाली खडप. खडप म्हणजे समुद्रात लांबवर गेलेला काळा कातळ. एरवी तो पाण्याखाली असतो. अमावास्येला, पुनवेला उधाण येतं, तेव्हा पाणी जेवढं वर चढतं तेवढंच मागे जातं, आणि खडप पुरता उघडा पडतो. मधल्या दिवसांत, अष्टमी-नवमीच्या सुमाराला, पाणी धड वर नाही की धड खाली नाही. त्याला आमच्याकडे भांग म्हणतात. भांगात खडपावर कोणी जात नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो. त्यात सहा मिळवले की ओहोटी. मी चौथीपर्यंत शिकलो, त्यातली पाऊणकी तेवढी जन्मभर कामाला आली.

उधाणाच्या ओहोटीला गावातल्या बायका कालवं काढायला जायच्या. ती लग्न होऊन आली तेव्हा तिला कातळावर चालता येत नव्हतं. शेवाळावर दोनदा आपटली. वर्षभरात सगळ्यांच्या पुढे. लोखंडाचा टोकदार तुकडा घेऊन कालवाचं वरचं कवच उडवायची आणि आतलं मांस टोपात टाकायची. हात कापलेले असायचे. त्याचं तिला काही नव्हतं.

पण तिची मौज वेगळी होती. कड्याला एक घळ आहे. लाट आत शिरली की ढोलावर थाप पडल्यासारखा आवाज होतो, आणि वरच्या भोकातून पाणी उडतं, माणूसभर उंच. टोप भरला की ही त्या भोकाशी जाऊन बसायची. नखशिखांत भिजायची. दुसऱ्या बायका हसायच्या. "हिच्या घराक न्हाणी नाय गे," म्हणायच्या. ही हसायची आणि आणखी पुढे सरकायची. मी वर कड्यावर गरी टाकून बसलेलो असायचो. मासा कधी लागायचा, कधी नाही. कालवं संपली तरी ती तासभर तिथेच. साठी उलटली तरी तेच. आता शहरातली पोरं येऊन तोच कडा दोराने उतरतात आणि त्याचे पैसे मोजतात, असं ऐकतो. आम्ही फुकट घसरायचो.

तीन वर्षांपूर्वी मुलाने आम्हाला इकडे उत्तरेला आणलं. त्याचं बरोबर होतं, गावात आमच्याकडे बघायला कोणी नव्हतं. पण तिला इथे करमलं नाही. इकडे थंडीत धुकं पडलं की समोरची इमारतही दिसत नाही. ती गॅलरीत उभी राहून म्हणायची, "ह्याच्या पलीकडे समुद्र आसा असा समजूक बरा." एकदा जाऊन येऊ, एकदाच, एवढं तिचं मागणं. दर आठवड्याला.

या माघात मुलाने तिकिटं काढली. संध्याकाळी येऊन सांगितलं. तिने तिथल्या तिथे पिशवी भरायला घेतली. मी तारीख विचारली आणि भिंतीवरची दिनदर्शिका बघितली. शुद्ध अष्टमी.

"अष्टमीक? भांगाक जावन काय करतलंस?" मी तिला म्हटलं. "खडप उघडा पडाचा नाय."

"पाणी तरी दिसात मां."

"पाणीच बघूचा तर हय सुखना आसा."

"माका कालवा नको हत. घळीकडे नुसता बसान येवया."

"एवढो खर्च करून बसाक जातंस?"

मुलगा दोघांकडे बघत होता. "बाबा, तारीख बदलायची तर पुनवेला मला रजा नाही. एकदम अमावास्या. तीन आठवडे लांबेल. पक्का?"

"पक्का," मी म्हटलं. "जायचं तर उधाणात जायचं. नाहीतर कशाला जायचं?"

त्याने तिकिटं बदलली. तिने पिशवीतून कपडे काढले आणि परत कपाटात लावले. दोन दिवस मला वाढून झालं की आत जायची. मी मनात म्हटलं, उतरेल राग. उतरला.

गणित माझं बरोबर होतं. अष्टमीला खडप उघडा पडला नसता, हे मी आजही सांगेन. पण घळीशी जायला खडप लागत नाही. वरच्या पायवाटेने जाऊन बसता येतं. भांगातही तिथे लाट येते, उडते थोडी कमी. हे मला माहीत नव्हतं असं नाही. आणि कालवं नकोत हे ती स्वच्छ बोलली होती. पहिल्या तिकिटावर गेलो असतो तर आठवडाभर राहून परतही आलो असतो. ती गेली वद्य सप्तमीला. अमावास्येला आठ दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अस्थी घ्यायला गेलो. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ बरोबर होते. भला माणूस. "अंकल जी, हरिद्वार ले जाओ," म्हणाले. "सुबह निकलो, शाम को वापस. यहाँ सबका वहीं होता है."

मुलाने माझ्याकडे बघितलं. तिथल्या माणसाने मडकं लाल फडक्यात बांधून दिलं. अजून कोमट होतं.

"गावी न्यायचं," मी म्हटलं.

"हो बाबा. अमावास्येची तिकिटं आहेतच आपली."

"त्याच्या आधी कधी आहे बघ."

तो बाजूला जाऊन फोनवर बोटं फिरवत राहिला. मग जवळ आला. रात्रभर झोपला नव्हता, डोळे लाल होते. हळूच म्हणाला, "उद्याचं मिळतंय. पण बाबा, उद्या नवमी. भांग असेल."

माझ्याकडूनच शिकला होता. आईच्या वेळेला चूक होऊ नये म्हणून बघून ठेवलं असणार.

"असू दे," मी म्हटलं. "काढ."

"पाणी मागे जाणार नाही पण."

"ती वर बसतली, घळीकडे. काढ तू."

त्याने काढलं. विमानात न्यायला कसलासा कागद लागतो म्हणाला, तो आणायला तो आणि खालचे गृहस्थ तिथल्या कचेरीच्या खिडकीकडे गेले. मला म्हणाला, तुम्ही गाडीत बसा, बाहेर गार आहे. मी गाडीत बसलो नाही. बाकावर बसलो, मडकं मांडीवर घेतलं आणि ते येईपर्यंत तसाच बसून राहिलो.