डुप्लिकेट म्हणून उडवलेली पाळी

माझी काकू फोनवर कधी ओरडत नाही. त्या दिवशी ओरडली. "कावून रे, पाण्याच्या यादीतून आमचं नाव कावून काढलं? पाटकरी म्हणतो तुमची पाळीच न्हाई. भुईमुगाला आऱ्या सुटल्यात. आता पाणी न्हाई भेटलं तर शेंगाच धरायच्या न्हाईत. तूच केलंय ना ते?"

यादीची वेबसाइट मीच केली होती. दिंद्रुडकडच्या आमच्या गावात कालव्याचं पाणी वाटून देणारी संस्था आहे. कोणाचं शेत कधी भिजवायचं, किती तास, हे ठरवणारी वेबसाइट मी आणि पुण्यातल्या माझ्या जोडीदारानं बनवली. त्याआधी पाटकरी फळ्यावर खडूनं लिहायचा आणि कोणाची पाळी कधी गायब झाली नव्हती. हे मला नंतर गावात जो तो ऐकवत होता.

माजलगावात बियाण्यांच्या दुकानावर माझी खोली आहे. तिथं लॅपटॉप उघडून काकाचं पान काढलं, तर 'नोंद सापडली नाही'. आदल्या आठवड्यात जोडीदारानं मायग्रेशन चालवलं होतं, म्हणजे डेटाबेसमधल्या तक्त्यांची रचना बदलली होती. वेबसाइट ज्याच्यावर उभी आहे त्या फ्रेमवर्कला विचारलं, तर सगळ्या मायग्रेशनपुढं बरोबरची खूण. कुठं एरर नाही, काही नाही. अशा वेळी माझं डोकं जास्त फिरतं. एरर आली तर निदान भांडायला समोर काहीतरी असतं.

मग मायग्रेशनची फाइलच वाचायला घेतली. पठ्ठ्यानं नवा नियम घातला होता: एक गट नंबर तक्त्यात एकदाच आला पाहिजे. आमच्या नोंदींवर तो नियम बसेना, म्हणून त्याच्या आधी दोन-चार ओळी घुसवल्या होत्या. गट नंबर पुन्हा दिसला तर पहिली नोंद ठेवा, बाकीच्या पुसा, आणि पुसलेल्यांचे तास पहिल्याला जोडा.

मी त्याला फोन लावला. "अबे, तू माणसं पुसलीस!"

"माणसं काय? डुप्लिकेट होते ते. मायग्रेशन अडकत होतं."

"डुप्लिकेट? भाऊ आहेत ते! आमच्याकडं भावाभावांची वाटणी तोंडी होते. मधी बांध पडतो, चुली वेगळ्या होतात, पण सातबारा सामाईकच राहतो. गट एक, खाणारी घरं तीन!"

"अरे, पण हे सिस्टिमला कसं कळणार?"

"सिस्टिमला नाही कळत. तुला तोंड दिलंय ना देवानं? विचारायला काय झालं होतं?"

तो सॉरी म्हणाला. मी फोन आपटला. भुईमूग काय सॉरीवर पोसतो?

मायग्रेशनच्या आधीचा बॅकअप होता, तेवढं नशीब. नवं मायग्रेशन लिहून आधी चालू डेटाबेसच्या एका प्रतीवर करून पाहिलं. जोडीदाराचा नियम काढला. गट आणि खातेदार, दोन्ही मिळून एकदाच यावेत, असा नवा घातला. पुसलेल्या नोंदी बॅकअपमधून त्या प्रतीत परत आल्या, तास ज्याचे त्याला गेले. काकूला कळवलं, संध्याकाळपर्यंत नाव येतंय.

तासाभरात अण्णांचा, माझ्या वडिलांचा फोन आला. काकाचे ते थोरले भाऊ. आमच्या गटातली पहिली नोंद त्यांचीच.

"एवढी घाई कावून करतो? ही पाळी जाऊ दे. पुढच्या पाळीला घे तिचं नाव."

"अण्णा, तिचे तास तुमच्या नावावर पडलेत."

"ठावं हाय. मोबाइलवर पाळीचा मेसेज आलता तवाच कळलं. उसाला लई ताण बसलाय. तिला काय बी सांगू नको. म्हण, मशीन बिघडलंय."

माझ्या अंगाची आग झाली. "मशीन दुरुस्त झालंय," एवढंच बोललो, फोन ठेवला आणि त्याच रागात ते मायग्रेशन खऱ्या यादीवर चालवलं.

पाळीच्या दिवशी मी मुद्दाम गावी गेलो. काकू दारं धरत होती, खोऱ्यानं एकेका वाफ्यात पाणी वळवत होती. पाणी भुईमुगात पसरत होतं. बांधापलीकडं अण्णा त्यांच्या उसात उभे होते. मला बघून काकूच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"त्या पुण्याच्या पोरानं घातच केलता बघ. बरं झालं, तू घरचा होतास. तुझ्या अण्णालाबी लई घोर लागलता. त्या दिशी सारखं इचारत व्हते, नाव आलं का गं, नाव आलं का."

मी अण्णांकडं बघितलं. ते खाली बघून पाचट ओढत राहिले. पुण्याच्या त्या पोराला मी आठवडाभर शिव्या घातल्या होत्या. त्यातली एकही मला तिथं काकूसमोर अण्णांसाठी तोंडातून काढता आली नाही.