लिंझला गाडी दोन मिनिटं थांबते

तिरोड्यात कुणाच्या घरी लग्न निघालं की बरातीची व्यवस्था ताराचंद रहांगडाल्यांकडे जायची. कोणती गाडी कुठून सुटेल, कोणत्या फुफाजींना खिडकीच लागते, चहाला कुठं थांबायचं, सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं. राइस मिलवरची मुनिमी पोटापुरती. जीव सारा बरातीत. अशा माणसाच्या एकुलत्या एका लेकीची बरातच आली नाही. डिंपलनं पुण्यात नर्सिंग करता करता परजातीच्या मुलाशी रजिस्टर लग्न लावलं.

दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, सोयरेधायरे येतात. त्याच दिवशी डिंपल नवऱ्याला घेऊन पाया पडायला आली. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये, ही जुन्या लोकांची लेकीला मान देण्याची रीत. ताराचंदांनी तीच रीत काठीसारखी उगारली. "तहानेनं मरीन, पन तुह्या घरचं पानी नाही पेणार!" ते भरल्या घरात ओरडले. डिंपल "बरं, बाबा" एवढंच म्हणाली आणि आल्या पावली परत गेली.

त्याला सहा वर्षं झाली. ती आता नवऱ्यासोबत ऑस्ट्रियात, लिंझ नावाच्या शहरात राहते. दर रविवारी आईला फोन करते. बापाची खुशाली आईकडूनच विचारते. यंदा तिनंच विषय काढला: दोघंही या, ऑक्टोबरात दोन आठवडे युरोप दाखवते. ते मिलवर नवा धान उतरायचे दिवस. तरी ताराचंदांनी मालकाला सांगून टाकलं की दोन आठवडे मी कामावर नाही.

कार्यक्रम मोबाइलवर आला. रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस, व्हिएन्ना, साल्झबर्ग, म्युनिक आणि शेवटी पॅरिस. पॅरिसला डिंपल स्वतः येणार. तोवर सोबत मराठी बोलणारा गाईड. ताराचंदांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. लिंझ कुठंच नव्हतं. नकाशा उघडला, तर व्हिएन्नाहून साल्झबर्गला जाणारी गाडी नेमकी लिंझवरूनच जात होती. लेकीच्या गावावरून गाडी न्यायची आणि उतरायचं नाही, असली व्यवस्था त्यांनी वैऱ्याच्या बरातीलाही केली नसती.

मग तिनं आपणहून घरी बोलवावं म्हणून क्लृप्त्या सुरू झाल्या, सगळ्या सुशिलाबाईंच्या तोंडून. "सांग तिले, माहे गुडघे दुखून राहिले. चार दिवस घरात पडून राहतो म्हणा." डिंपलनं साल्झबर्गला आरामाचा एक दिवस वाढवला, तोही लिफ्टच्या हॉटेलात. "सांग, मले हाटेलचं खानं पचत नाही." प्रत्येक शहरात भारतीय जेवणाची सोय झाली. "सांग, हाटेलात झोप नाही येत." तिनं हॉटेलं काढून चुलीभांड्यांसकट फ्लॅट ठरवले. पोरगी बापावर गेली होती. शिरायला कुठं फट म्हणून ठेवत नव्हती. ताराचंदांना तिचा अभिमान वाटला, आणि त्याच वेळी रडू आलं. मिलमध्ये कोंडा डोळ्यांत गेल्याचं सांगून त्यांनी वेळ मारून नेली.

"सरळ काऊन नाही बोलत?" सुशिलाबाई एक दिवस कावल्या. "माहं तोंड का भाड्यानं घेतलं?"

"ते बलावून नाही राहिली, तर मी कोणत्या तोंडानं जाऊ?"

"मीनं इचारलं तिले, घरी काऊन नेत नाहीस. म्हणे, बाबांचा शब्द आहे. घरी आले अन् तहान लागली, तर बाबांची पंचाईत होईल."

ताराचंद ताटावरून उठले. पोरीनं राग धरला असता तर त्यांना पेलला असता. रागाला उत्तर देता येतं. तिनं त्यांचा शब्द जपला होता, आणि आता त्यापुढं काय करावं ते त्यांना सुचेना. येत्या रविवारी ती तिकिटं काढणार होती. एकदा तिकिटं निघाली की संपलं. या वयात पुन्हा कुठली युरोपवारी होते?

रविवारी फोन वाजला. सुशिलाबाईंनी उचलायच्या आत ताराचंदांनी तो घेतला.

"मी बोलून राहिलो."

अख्ख्या बरातीला दम देणारे ताराचंद फोन घेऊन अंगणात गेले.

"ते गाडी... लिंझले थांबते न?"

"थांबते," डिंपल म्हणाली. "दोन मिनिटं."

"मंग टेसनावर येशीन का? बाटली घेऊन. दुकानची नको आनू. तुह्या घरच्या नळाचं पानी."



"बरं, बाबा."

तेच दोन शब्द. मग पलीकडे नाक ओढल्याचं ऐकू आलं. "गाडीचा डबा मला माहीत असेल. तुम्ही दाराशी उभे राहा," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

तासाभरानं तिकिटं मोबाइलवर आली. कार्यक्रम होता तसाच होता, व्हिएन्ना ते साल्झबर्ग. ताराचंदांनी तिकीट दोनदा वाचलं आणि सुशिलाबाईंना हाक मारली.

"त्या दिवशी गाडीत बसलो का सामान वर नको ठेवू. दाराजवळच राहू देजो."

"कायले?"

"उतरा म्हनली तर?"