उभ्यानं केलेल्या प्रार्थना

माझ्या सासूबाईंकडे संकटांची प्रतवारी होती. किरकोळ संकटासाठी उभ्यानं प्रार्थना, जरा जड असलं तर बसून, आणि खरोखरच मोठं असलं तरच गुडघे टेकून. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. मूळच्या वळसंगच्या. उभी हयात त्यांनी नर्स म्हणून काढली होती, त्यामुळे कुणाकडे आधी धावायचं आणि कुणाला थांबवायचं हे ठरवायची सवय अंगात मुरलेली. निवृत्त झाल्यावर ती सवय त्यांनी घरात लावली आणि मला वैताग आणला. माझ्या अकरा वर्षांच्या संसारात माझं एकही संकट गुडघ्यापर्यंत पोचलं नाही.

आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. एकदा पाण्याच्या दिवशी मी शाळेत शिकवायला गेलेली, आणि आत्याबाईंनी आमचा मोटारीचा पाइप शेजारच्या पद्मक्कांना देऊन टाकला. मी आले तेव्हा पाणी जाऊन तास झाला होता आणि आमची टाकी कोरडी ठणठणीत.

"तिच्याकडं बाळंतीण हाय की," त्या म्हणाल्या. मग ओट्याशी उभ्या राहून डोळे मिटले. "बापा, दोन हंडे हायत, उपकार तुझे. आमेन." मी चार दिवस तांब्याभर पाण्यात अंघोळ उरकली. आमेन म्हणायला माझी जीभ काही वळली नाही.

नाताळाला मी अनरसे करायला बसले, तर सगळेच्या सगळे तुपात विरघळले. चर्चचे पाळकसाहेब सहकुटुंब जेवायला येणार होते. मी रडकुंडीला आले. आत्याबाईंनी कढईत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "येशूचा वाढदिवस हाय, तुझी परीक्षा न्हाय." तीही प्रार्थना उभ्यानंच झाली, हातातला झारा खाली न ठेवता.

त्यांचं म्हणणं बरोबर असायचं, हाच खरा त्रास होता. चुकीच्या माणसाशी भांडता येतं. या बाईशी भांडायला जावं तर ती चहा टाकायची.

मग माझी शाळेतली नोकरी गेली. नऊ वर्षं मुलं शिकवली आणि एका दुपारी 'उद्यापासून येऊ नका' म्हणून सांगितलं. घरी येऊन मी पर्स फेकली. आज तरी आत्याबाई गुडघे टेकतील अशी माझी खात्री होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"बसून?" मी विचारलं.

"हातपाय धड हायत न्हवं तुजे? मग बसून."

आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. त्या मात्र रोज माझ्या ताटात शेंगाचटणी जास्त वाढत राहिल्या.

त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली. त्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी देवळात जायला तयार होताना त्यांचा हात वर होईना, म्हणून मी ब्लाउज घालायला मदत करायला गेले. काखेजवळ लिंबाएवढी गाठ माझ्या हाताला लागली.

"कधीपासून आहे ही?"

"गड्ड्याच्या आदीपासनं."

म्हणजे संक्रांतीच्या जत्रेच्याही आधीपासून, तीन महिने. आणि या बाईनं जन्मभर दुसऱ्यांच्या गाठी तपासल्या होत्या. "कुणाला सांगितलंत?" मी विचारलं.

"त्याला सांगत व्हते की. रोज, उभ्यानं."

तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून सांगितलं, पसरलंय, उशीर झालाय. आम्ही बाहेरच्या बाकावर येऊन बसलो. आत्याबाईंनी माझा हात धरला आणि त्या उठायला लागल्या. "चल, उभ्या उभ्या करून घिऊ."

माझं डोकंच फिरलं. "खाली बसा," मी ओरडले. बाकावरची माणसं बघायला लागली. "प्रत्येक वेळी तुम्हीच ठरवायचं का? माझी सासू मरणार म्हणतात, आणि तुम्ही उभ्यानं करताय?"

त्या खाली बसल्या. "माजं गुडगं आता वाकत न्हाईत," त्या हळूच म्हणाल्या. "तू टेक."

मी टेकले. दवाखान्याच्या फरशीवर, लोकांच्या चपलांच्या मधे. शब्द सुचेनात, म्हणून भांडलेच. "बापा, हिनं तुला सांगितलं आणि मला सांगितलं नाही. तुला कळलं होतं, मग तू तरी मला सांगायचंस. मला ही बाई हवी आहे. हिच्याशिवाय त्या घरात मला राहता येणार नाही." तिथंच मी थांबले. आता त्या 'आमेन' म्हणून मला उठवतील असं वाटलं.

आत्याबाईंचा हात माझ्या डोक्यावर आला.

"थांबू नगंस," त्या म्हणाल्या. "सांग त्याला अजून. हे मोठंच हाय."