राहूच्या शिवारात पडलेलं विमान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट कळत नाही.

आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. आमच्या राहू गावाहून एसटीनं शिरूरला जाऊन बी.एस्सी. केली. त्याचा अभिमान होता, आजही आहे. गावात तलाठी येवो की कंपनीचा माणूस, बोलायला मलाच पुढं करतात. मी बोललो की विषय संपतो. ही सवय गावाला लागली, की मला?

त्या दुपारी वारं नुसतं थैमान घालत होतं. काढलेल्या कांद्यावरचे कागद उडत होते, ते धरायला आम्ही रानात जमलो होतो. शिकाऊ पायलटांची छोटी विमानं आमच्यावरून नेहमीच जातात. हे मात्र डुलत आलं. एका झोतासरशी कललं — आणि शेजारच्या नांगरटीत आपटलं.

सगळे धावलो. जवळ गेलो तर पेट्रोलचा भपकारा. मी हात आडवा केला. "थांबा! टाकी फुटंल. कुणी पुढं जायचं न्हाई."

सगळे थांबले. मी सांगितलं म्हणून.

तेव्हा भीती वाटली, हे खरं. पण मी भीतीचं सांगत नाहीये. पुढचं सांगतोय.

वेळ गेला. धूर नाही, ठिणगी नाही. आमच्या बांधाला बांध असलेले रशीदमामा म्हणाले, "आरं, न्हाई पेटत ते. चल, दोघं जाऊ."

मलाही पटलं होतं. पण चारचौघांत बोललेलं मागं घ्यायचं — मी?

"मामा, कॉलेज तुम्ही केलंय का मी?"

पोरं हसली. मामा जागीच उभे राहिले.

अँब्युलन्स आली तेव्हा सगळं संपलं होतं. विमान शेवटपर्यंत पेटलं नाही. तरी लोक म्हणत राहिले, याच्यामुळं आपली पोरं वाचली. मी ऐकून घेतलं.

पुढं त्या पायलटचे वडील आले. गावानं मलाच पुढं केलं. त्यांनी एवढंच विचारलं, "त्याला त्रास झाला का हो?"

"नाही काका, जागच्या जागी गेला."

त्यांनी माझे हात घट्ट धरले. मामा शेजारीच होते. त्या माणसाची दया आली म्हणून मी खोटं बोललो का? नाही. स्वतःसाठी बोललो.

तो जागच्या जागी गेला नव्हता. आतून काच वाजवत होता. एवढ्या वाऱ्यातही आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. काढला असता तर जगला असता का — आता कोण सांगणार?

मी मामांना तो टोमणा मारला, तेव्हाही काच वाजत होती. मग पोरं हसली. त्यांचं हसणं थांबलं, तेव्हा नुसतं वारं ऐकू येत होतं.