भिंतीपलीकडची काकू

"झालं का व भोकाड पसरून?" जठारपेठेतली आमच्या भिंतीपलीकडची काकू रोज ओरडते. कमरेवर हात ठेवून तिची नक्कल मी मस्त करतो. माही बहीण अन् तिच्या तीन मैत्रिणी वरच्या खोलीत आपल्या रॉक बँडचा पहिला अल्बम रेकॉर्ड करून राहिल्या. काकू शिव्या देते, पण गाणं संपल्यावरच. मधात कधीच नाही. काहून, मले काही समजत नाही.

काल शेवटचं गाणं तिसऱ्यांदा अर्ध्यात तुटलं. बहिणीनं ड्रमच्या काड्याच फेकल्या. "आपल्याच्यानं होत नाही. राहू द्या तो अल्बम!"

भिंतीवरून काकू ओरडली, "काहून थांबल्या व पोरीहो? पुरं करा ना! मंग मले भांडता येते."

गाणं पुरं झालं. आमी सगळे शिवीची वाट पाहून राहिलो. आलीच नाही.

आता मी नक्कल कशाची करू?