जेवणानंतरची गोळी

दवाखान्यात किस्से गोळा करायला जावं लागत नाही. ते आपापल्या पायांनी येतात, केसपेपर न काढता बाकावर बसतात आणि नंबर नसताना आधी आत घुसतात!

नव्वदच्या दशकात सांगलीला विश्रामबागेत एका मनोविकारतज्ज्ञांकडे मी नोकरीला होते. समाजकार्य शिकून नुकतीच बाहेर पडले होते आणि माझं काम एकच, बोलणं. मन कधी आभाळाला टेकतं, कधी पार तळाला जातं, अशा आजारावर आम्ही लिथियमची गोळी देत असू. गोळी गुणाची, पण जावयासारखी. बडदास्तीत जरा कमी-जास्त झालं की रुसते. रोज वेळेवर घ्या, पाणी भरपूर प्या, मीठ एकदम सोडू नका, उलट्या-जुलाब झाले तर लगेच कळवा, अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर घेऊ नका. हे मी दिवसभर म्हणायचे. घरी जेवताना आईला "आमटीत मीठ कमी आहे" म्हटलं की ती म्हणायची, "पुरे! ऑफिस सुटलंय तुझं!"

*

आमचे एक पेशंट शाळामास्तर होते. वर्गात कडक, गोळीच्या बाबतीत मात्र उनाड. या गोळीचं रक्तातलं प्रमाण अधूनमधून तपासावं लागतं. कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर अंगाशी येतं. मास्तर एरवी गोळ्या खुशाल विसरायचे आणि तपासणी जवळ आली की भराभर गिळायचे.

एकदा रिपोर्ट भलताच वर गेला. हात थरथरायला लागले, जीभ जड झाली. ॲडमिट करून घेतलं. बरे झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "मास्तर, असं का केलंत?"

मास्तर खाली मान घालून म्हणाले, "रिपोर्टात पास व्हायचं होतं हो!"

शेजारी त्यांची बायको मोसंबी सोलत होती. ती म्हणाली, "आणि रोजचा अभ्यास रोज करा म्हणून पोरांना छड्या मारणारा हाच माणूस!"

*

पण आमच्या दवाखान्याचा खरा हिरो म्हणजे आष्ट्याचे रामभाऊ. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. आजाराच्या पहिल्या झटक्यात त्यांनी भर दुपारी, कुणाचं लग्न नसताना, अख्ख्या गावातून वरात काढली होती. घोडा मिळाला, नवरा मिळेना, म्हणून पोस्टमनला उचलून घोड्यावर बसवलं!

गाव पोट धरून हसलं. त्यानंतर मात्र रामभाऊ कित्येक दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होते, आणि तेव्हा हसायला कुणी आलं नाही. त्यांची बायको ताराबाई तेवढी उशाशी बसून असायची. गोळीनं माणूस उठून बसला तेव्हा ती माझ्या गळ्यात पडून रडली होती. मीही रडले, खोटं कशाला सांगू?

*

पुढे एक दिवस ताराबाई त्यांना धरून घेऊन आली. रामभाऊंचा तोल जात होता, उलट्या होत होत्या. एसटीतल्या लोकांनी दारू प्यालाय म्हणून शिव्या घातल्या होत्या. डॉक्टरांनी बघताक्षणी ओळखलं, गोळी रक्तात चढली. मिरजेला ॲडमिट केलं, सलाईन लावलं, आणि ताराबाईला विचारलं, "जेवणात काही बदल केला होता का?"

"आवं, नवस बोलले हुते. हे बरं झालं तर म्हैनाभर अळणी."

"नवस तुम्ही बोललात, मग अळणी त्यांनी का खायचं?"

"मी बी खाऊन बघितलं. पर मिठाबिगर घशाखाली उतरत न्हाई!"

मीठ तोडलं की शरीर ही गोळी धरून ठेवतं. हे समजल्यावर ताराबाईचा चेहरा पांढराफटक पडला. माणूस वाचला, पण तिला आता देवाची भीती. डॉक्टर म्हणाले, "देवाला सांगा, नवस डॉक्टरनं मोडला. काय पाप असेल ते माझ्या खात्यावर."

*

दर शनिवारी डॉक्टर साताऱ्याला बसायचे आणि सांगलीत माझं राज्य असायचं. अशाच एका शनिवारी रामभाऊ बँडच्या ढोलवाल्याला घेऊन हजर!

"म्याडम, ह्यो ढोल लय पळवतोय. आमी 'सा'वर, ह्यो पुढच्या गल्लीत! म्हून सकाळी माझ्यातली एक गोळी दिली."

मी लगेच साताऱ्याला फोन लावला. डॉक्टरांनी दोघांनाही फोनवर घेऊन झाडलं, एकाची गोळी दुसऱ्याला म्हणजे जिवाशी खेळ. ढोलवाल्याला जवळच्या डॉक्टरांकडून तपासून आणलं. सुदैवानं तो ठणठणीत होता.

"मला तर कायबी फरक वाटंना," तो म्हणाला.

रामभाऊंनी कपाळाला हात लावला. "मग ह्यो आजार न्हवं. ह्याला मुळातच ताल न्हाई!"

*

मग रामभाऊंच्या मुलीचं, सुनीताचं लग्न लोणंदला जमलं. होणारे व्याही मिलिटरीतून रिटायर झालेले, मिशा अशा की बघूनच माणूस सरळ उभा राहावा. डॉक्टरांचं म्हणणं, आजाराचं आधी सांगा, मागाहून कळलं तर पोरीला ऐकावं लागेल. ताराबाई म्हणायची, "आधी सांगितलं तर लगीनच ऱ्हानार न्हाई!"

साखरपुड्याला डॉक्टरांना आणि मला आवर्जून बोलावलं, पण सगळ्यांना ओळख करून दिली ती "बँडचं जुनं गिऱ्हाईक" म्हणून. गोळ्यांची पट्टी ताराबाईनं तांदळाच्या डब्यात लपवली. डॉक्टर एरवी गप्पिष्ट, पण त्या दिवशी पंगतीत मान वर करीनात. मला वाटलं, मटकी तिखट लागली असेल.

जेवण उरकलं आणि रामभाऊंनी हाक मारली, "तारा, माझी गोळी आन."

"कसली गोळी? तुमी ताक घ्या आदी!"

"डोक्याची. जेवल्यावरची."

वाढपी होता तिथेच थांबला. आतल्या दारात सुनीता चौकट घट्ट धरून उभी होती. रामभाऊंनी उष्ट्या हातानंच नमस्कार केला.

"व्याही, मला मनाचा आजार हाय. गोळी चालू हाय तवर मी तुमच्यासारखाच. बंद केली की लोकांची लग्नं लावत सुटतो. पोरगी माझी लय गुनाची हाय, माझ्यापायी तिला नाकारू नका. पर लपवून न्हाई देनार तिला. आता बोला."

ताराबाईनं डोळे मिटून घेतले होते.

व्याह्यांनी सावकाश मिशा पुसल्या आणि बायकांच्या पंगतीकडे बघून आवाज दिला, "आगं ए, पिशवीतली माझी बी आन. हितं चालतंय!"

मग ते आमच्याकडे वळले.

"आन् डॉक्टरसाहेब, मघाधरनं पानात तोंड घालून बसलाय. आता तरी साताऱ्याची वळख दावा की!"